गोपनीय शाखेचे इंगळे काका

इंगळे काकांना तुम्ही किती वाजले असं विचारलंत, तर ते आधी मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हाताने झाकतात. मग तुमच्याकडे नीट बघून विचारतात, "कायच्यासाठी पाह्यजे?"

गाडी पकडायची आहे म्हटलं तर कोणती, ते सांगावं लागतं. अकोल्याची म्हटलं तर अकोल्याला कोणाकडे, हेही ओघाने येतं. एवढ्यावर समाधान झालं की ते कानाशी येतात, "सव्वा दहा" असं पुटपुटतात आणि वर बजावतात, "माह्या तोंडून गेलं नाई हे." तोवर गाडी बडनेऱ्याच्या पुढे गेलेली असते.

राजापेठेतल्या आमच्या गल्लीत आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, तेवढंच अंतर. काका आयुष्यभर अकोल्याला एका सरकारी कचेरीत गोपनीय शाखेचे कारकून होते. बायको गेल्यावर तिथलं भाड्याचं घर सोडून अमरावतीला बहिणीच्या रिकाम्या घरात राहायला आले. मुलगा दूर दक्षिणेत कुठेतरी नोकरीला असतो. एवढी माहिती जमवायला गल्लीला काही वर्षं लागली, आणि त्यातली निम्मी पोस्टमनने दिली.

बाजारातून येताना काकांच्या पिशवीचं तोंड सुतळीने बांधलेलं असतं. माझी बायको सुनंदा हिला अशा गोष्टी सहन होत नाहीत. तिने एकदा भिंतीवरून विचारलं, "काय आणलं काका?"

"माल."

"कोनता?"

"हंगामी."

तासाभराने त्यांच्या स्वयंपाकघरातून मेथीच्या फोडणीचा वास सगळ्या गल्लीभर झाला. सुनंदा खिडकीतून ओरडली, "काका, मेथी हाये ना?" पलीकडून शुद्ध सरकारी मराठीत उत्तर आलं, "सद्यःस्थितीत याबाबत काही सांगता येणार नाही."

किराण्याचं बिल ते बारीक फाडतात. अर्धे तुकडे आजच्या घंटागाडीत टाकतात, अर्धे उद्याच्या. माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी आहेराचं पाकीट दिलं, ते तर घरात अजून चर्चेचा विषय आहे. पाकिटाच्या आत पाकीट. आतल्यावर लाल शाईने 'गोपनीय' आणि तोंडावर लाखेचं सील. मांडवात आहेर लिहून घेणाऱ्या मामांनी ते नखाने उघडायचा प्रयत्न केला, मग किल्लीने, शेवटी आजीचा अडकित्ता मागवला. आत नोट होती आणि एक चिठ्ठी. 'रक्कम जाहीर करू नये.' मामा ती चिठ्ठीसुद्धा मोठ्याने वाचून बसले.

आणखी एक सवय. काका कुठलाही कागद शेवटून वाचतात. वर्तमानपत्र मागच्या पानापासून, लग्नपत्रिका 'आपले विनीत'पासून. मी कारण विचारलं होतं. माझा उद्देश तपासून झाल्यावर म्हणाले, "सर, वरच्या पानावर काई नसते. उपरोक्त विषयान्वये अन् सविनय सादर. असली गोष्ट सोबतच्या कागदात रायते."

मला सर म्हणतात, कारण मी स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये राज्यघटना शिकवतो. राऊत सर. माहितीचा अधिकार हा माझा आवडता धडा. कारभार उघडा असावा, कागद लोकांचे आहेत, हे मी फळ्यावर खडू आपटून सांगत आलो आहे. बाकी माझा स्वभाव म्हणाल तर विचित्रच आहे. गल्लीत दुसऱ्याची गाडी पंक्चर झाली तरी आपलंच काही चुकलं असेल, असं मला वाटत राहतं. सुनंदा म्हणते, तुम्ही आरशातल्या माणसाचीही माफी मागाल. पण यावेळी चूक खरोखर माझी होती.

झालं असं की आमच्या क्लासच्या ग्रुपवर एका सकाळी एक फाईल आली. अंगणवाडीतून लहान मुलांसाठी घरी देतात त्या शिऱ्या-उपम्याच्या पाकिटांबद्दलचा सरकारी चौकशी अहवाल. मुदत संपलेल्या मालावर नव्या तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवून तो गावोगाव वाटला जात होता, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. वर शिक्का 'गोपनीय'. अहवाल होऊन बरेच दिवस झाले होते, आणि तो कुठल्यातरी कपाटात झोपलेला होता. कोणीतरी त्याचे फोटो काढून इंटरनेटवर टाकून दिले होते.

मी पहिली तीन पानं वाचली आणि माझं रक्त तापलं. 'वाचा आणि पुढे पाठवा. ही आपली मुलं आहेत.' असं वर लिहून मी ती फाईल मला माहीत असलेल्या प्रत्येक ग्रुपवर टाकली. क्लासच्या, नातेवाइकांच्या, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या, अगदी आमच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवरही, जिथे एरवी फक्त वाढदिवसाचे केक येतात. दुपारपर्यंत अंगठ्यांचा पाऊस पडला. मला बऱ्याच दिवसांनी आपण काहीतरी केलं असं वाटलं.

संध्याकाळी भिंतीपलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"सर, काईतरी फुटलं म्हन्तात."

मी उत्साहाने फोन पुढे केला. काकांनी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे बोटाने पानं भराभर वर सरकवत थेट शेवटचं पान काढलं. तिथे ते थांबले. मग त्यांनी आपला अंगठा पडद्यावर एका जागी दाबून धरला आणि तसाच फोन माझ्यासमोर आणला.

"हे वाचलं का तुमी?"

"अंगठा काढाल तर वाचता येईल."

"नाई काढत. हे तक्रारदाराचं नाव हाये. खाली गाव हाये, त्याच्या खाली फोन नंबर. मूळ तक्रार जोडली हाये सोबत, जशीच्या तशी. बाई हाये. तथल्याच अंगनवाडीची सेविका."

जे नाव एव्हाना अर्ध्या जिल्ह्याच्या खिशात पोचलं होतं, ते काका माझ्यापासून अंगठ्याखाली लपवत होते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता काय. लाख फुटली का फुटली. जोडता येत नाई ते."

मी घरात जाऊन प्रत्येक ग्रुपवरून तो संदेश 'सर्वांसाठी हटवा' करत सुटलो. त्याचा परिणाम उलटाच झाला. 'सर, काय डिलीट केलं?' 'राऊत, असं काय होतं त्यात?' सकाळी ज्यांनी न वाचता अंगठा दाखवला होता, त्यांनी आता ती फाईल दुसरीकडून शोधून काढली आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की त्या फुटलेल्या कागदाने काम केलं. बोंबाबोंब झाली, वर्तमानपत्रांनी छापलं, पाकिटांचं वाटप थांबलं आणि गोदामाला सील लागलं. क्लासमध्ये मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खडू हातात घेऊन उभा राहिलो, आणि मला त्या टाळ्या कुठे ठेवाव्यात ते कळेना.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर जे भांडण झालं, त्यात मी मधे बसलो होतो. एका बाजूला भिंतीवर कोपर टेकवून काका, दुसऱ्या बाजूला तुरीच्या शेंगा सोलत सुनंदा.

"काका, झाकून ठेवलं असतं तं त्या पोट्ट्याइनं तेच सडकं खाल्लं असतं ना?" सुनंदाने सुरुवात केली.

"हां. खाल्लं असतं."

"मंग?"

"मंग काय? मी कुठी म्हनतो झाका म्हून. सायबाचं फोडा, ठेकेदाराचं फोडा. त्याले काय होते? सायबाची बदली होते, ठेकेदार दुसऱ्या नावानं ठेका घेते. पन फाईल काई एकट्या सायबाची नसते वो बाई. तिच्यात एखांदं गरीब मानूस बसून रायते कोपऱ्यात, भरोशावर. फोडनारा पाहत नाई त्याच्याकळे. त्याले वाटते, मी सरकारचं गुपित फोडलं."

"पण काका," मी म्हणालो, "कागद दाबून ठेवणारे तुमच्यासारखेच शिक्के मारत बसतात म्हणून तर कोणाला तरी फोडावा लागतो."

हे मी बोललो आणि लगेच वाईट वाटलं. काकांना मात्र राग आला नाही. त्यांनी मान हलवली.

"ते बी खरं हाये. मी मारले लय शिक्के. कायकाय तं नुसते बेशरमी झाकासाठी होते, मले समजत होतं." मग म्हणाले, "पन मी नवीन नवीन लागलो होतो नोकरीले, तवा एका मानसाचं नाव फुटलं होतं. माह्या टेबलावरून नाई. पन फुटलं."

"काय झालं त्याचं?"

"गाव सोडलं त्यानं." एवढं बोलून ते आत गेले.

सुनंदा शेंगा सोलत राहिली. जरा वेळाने म्हणाली, "त्याइचं बी खरं अन् तुमचं बी खरं. आता त्या बाईचं काय होऊन राहिलं असन, ते कोनाले मालूम?"

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी घराला कुलूप लावून जाऊ लागले. धुवट सदरा, हातात बांधलेली पिशवी. परत यायचे ते उन्हं उतरल्यावर. गल्लीने तर्क लढवले. समोरच्या दुकानदाराच्या मते काकांना पुन्हा कचेरीत बोलावलं होतं. सुनंदाला दवाखान्याची शंका. कोणीतरी तर लग्न जमवण्यापर्यंत गेलं. "अहो, इचारा ना त्याइले," सुनंदा माझ्या मागे लागली. मी विचारलं. कायच्यासाठी पाह्यजे, हेच उत्तर आलं.

इकडे मला झोप नव्हती आणि जेवण गोड लागत नव्हतं. त्या शेवटच्या पानावरचा नंबर मी काढला होता, पण लावायची हिंमत होत नव्हती. तिला आधीच शंभर लोक त्रास देत असतील, त्यात एकशेएकावा आपण कशाला, असं वाटायचं. शेवटी एका रविवारी स्कूटर काढली आणि अकोल्याच्या रस्त्याला लागलो. मूर्तिजापूरच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत ते गाव आहे. नाव लिहीत नाही. ताईचंही नाव लिहिणार नाही. एकदा पसरवलं तेवढं पुरे झालं.

घर विचारायची गरज पडली नाही. अंगणवाडीच्या दाराला कुलूप होतं आणि तीन-चार पोट्टे पायरीवर बसून पाय हलवत होते. "ताई घरीच हायेत," त्यांच्यातली एक बोलकी पोरगी म्हणाली. "येतच नाईत. आबाजी येतेत रोज, त्याइच्या घरी बसतेत."

पोरीने दाखवलेल्या घराच्या ओट्यावर, खांबाला टेकून, इंगळे काका बसलेले होते. समोर पिशवी सोडलेली. त्यातून केळी, बिस्किटांचे पुडे आणि एक थर्मास असा सगळा माल उघड्यावर मांडला होता.

मला बघून ते दचकले नाहीत. फक्त म्हणाले, "आले का तुमी. मले वाटलंच होतं, तुमाले उशिरा सुचन."

ताई आतून आली. तिशीची असेल. डोळ्यांखाली काळं, केस घट्ट बांधलेले. काकांनी ओळख करून दिली, "हे राऊत सर. याइनं पाठवलं होतं ते." काकांच्या तोंडून माहिती इतकी सरळ बाहेर पडताना मी पहिल्यांदाच ऐकली, आणि नेमकी तीच.

मी काय काय बोललो ते मला आठवत नाही. माफी मागितली एवढं खरं. बराच वेळ मागितली असणार, कारण ताई मधेच म्हणाली, "बस ना सर. चा घ्या."

चहा घेताना तिने सांगितलं. पाकिटांच्या ठेकेदाराचा मेहुणा याच गावचा. पानठेल्यावर त्याची चार-सहा माणसं बसलेली असतात. ती रस्त्याने निघाली की, 'काय ताई, आज कोनाची तक्रार?' म्हणून मोठ्याने विचारायचं. फोन तर दिवसभर वाजतो. कोणी बोलत नाही, कोणी नको ते बोलतं. नवरा फोन पाण्यात टाकायला निघाला होता. सासूचं म्हणणं, नोकरी सोड, गावात तोंड दाखवायला जागा ठेव. राजीनामा लिहून झाला होता, देवाच्या फोटोमागे ठेवला होता.

"तुम्हाला काय वाटतं, ताई?" मी विचारलं. "तो कागद फुटायला नको होता?"

तिने कप खाली ठेवला. "सर, मले लय राग आला होता. ज्यानं फोडला त्याचा, तुमचा, सगळ्याइचा. पन खरं सांगू का? मी तक्रार केली, सायेब येऊन गेले, अन् मंग बी तीच पाकिटं येत होती. मी माह्या हातानं वाटत होती. कागद फुटला तवा बंद झाली. आता मी कसं म्हनू नको होता म्हून? पन माह्यं नाव तं फुटाले नको होतं ना."

काका माझ्याकडे बघत होते. जिंकल्यासारखे नाही. हा हिशेब आपल्यालाही सुटला नाही, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"पोट्टे बसले हायेत पायरीवर," ते तिला म्हणाले.

"मालूम हाये. रोज बसतेत."

"मंग चाल."

"त्या पानठेल्यावरून जा लागते काका."

"मी बी संगं येतो ना. रोज नुसता बसूनच रायतो अठी, आज चालू."

ती आत गेली. मला वाटलं, नाहीच येणार. मग ती डोक्यावर पदर घेऊन, किल्ली मुठीत धरून बाहेर आली. आम्ही तिघं निघालो. ती मधे.

पानठेल्यापाशी नेहमीचे लोक होते. एकाने तोंडातली पिचकारी टाकून सुरू केलं, "काय ताई, आज तं बॉडीगार्ड आणले. आता यायच्याबी नावानं तक्रार करनार का?"

हसले सगळे. ताईची चाल मंदावली. मी काहीतरी कायद्याचं बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण शब्द येईनात. क्लासमध्ये भरभरून येतात.

काका मात्र सरळ ठेल्यापाशी जाऊन उभे राहिले. आणि मी त्यांना इतक्या मोठ्या आवाजात बोलताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"मी देवराव किसनराव इंगळे. राहनार राजापेठ, अमरावती. वय बहात्तर. बायको नाई. डायबिटीस हाये. पेन्शनवर जगतो. आनखी काय पाह्यजे?"

पानवाल्याचा चुना लावणारा हात थांबला.

"पोराहो, तुमाले इच्याशी काई बोलाचं असन, शिव्या द्याच्या असन, धमकी द्याची असन, तं इले नाई कराचा फोन. इचा नंबर आजपासून बंद. मले कराचा. लिहून घ्या."

काकांकडे मोबाईल आहे हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी नंबर सांगायला सुरुवात केली, एकेक आकडा सुटा करून, शाळेत पाढे म्हणतात तसा. इतक्या ठासून, की एकजण नकळत "थांबा बाबा, थांबा" म्हणत खिसे चाचपू लागला. काका खरंच थांबले. त्याने फोन काढेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितला. "शेवटचा आठ हाये बरं. नऊ नको लिहू बह्याडासारखा, तो दुसऱ्याच कोनाले लागन."

आता जे हसू फुटलं ते वेगळं होतं. पिचकारीवाला कसनुसा होऊन पान चघळत राहिला. ताई पुढे निघून गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा कुलूप उघडलेलं होतं, पोट्टे आत धावत होते आणि ती झाडू हातात घेऊन कोळिष्टकं काढत होती.

परतताना काका माझ्या स्कूटरवर मागे बसले. वाऱ्यामुळे मला नीट ऐकू येत नव्हतं, पण ते मधेच म्हणाले, "माह्यी बायको रोज इचारे, आज हापिसात काय झालं जी? मी म्हनो, काई नाई. रोज तेच. मंग तिनं इचारनं बंद केलं." मी आरशात पाहिलं. ते बाजूच्या तुरीच्या शेताकडे बघत होते.

ताईने राजीनामा दिला नाही. सगळं सुरळीत झालं असंही नाही. सासू अजून धुसफुसते, गावातली काही घरं तिच्याशी बोलत नाहीत. नवा नंबर तिने मोजक्या लोकांना दिला आहे. अंगणवाडी मात्र सुरू आहे.

ताईला यायचे ते फोन आता काकांकडे येऊ लागले. पहिल्या आठवड्यात तर भिंतीपलीकडे दिवसभर घंटी. आणि ते फोनवाल्यांची काय अवस्था करत! समोरचा शिवी द्यायचा, की हे शांतपणे, "कोन बोलून राहिला? कोन्या गावचा? बापाचं नाव? अन् हे जे तू बोलून राहिला, हे तोंडी हाये का लेखी देतं?" बरेच जण तिथेच फोन ठेवत. एकजण ठेवायचा राहिला. बोलता बोलता त्याने विचारलं, बाबा तुम्ही सरकारी नोकरीत होते ना, मग माझ्या मायची विधवा पेन्शन का अडकली असेल? काकांनी त्याला कुठला दाखला जोडायचा, कोणत्या खिडकीवर जायचं, तिथे बसलेल्या बाईशी कसं बोलायचं, सगळं समजावलं. अर्धा तास. त्या मुलाने नंतर दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा पेन्शन सुरू झाल्याचं सांगायला.

सुनंदा म्हणाली, "काकाइले करमून राहिलं आता."

मग प्रकरण थंड झालं. ठेकेदाराच्या माणसांना दुसरे उद्योग मिळाले असतील. फोन कमी होत गेले आणि एक दिवस बंद झाले. मला हायसं वाटलं. एवढं तरी माझ्या डोक्यावरून उतरलं, म्हटलं.

काका आता संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसत. फोन मांडीवर. मधेच तो उचलून पडदा पुसत, पुन्हा ठेवत. मी क्लासहून यायचो तेव्हा ते तसेच असायचे.

परवा मी गाडी लावत होतो, तेव्हा ते भिंतीशी आले.

"सर, माहा फोन बिघडला वाटते."

"काय झालं?"

"वाजत नाई. रेंज तं दाखवते. एक डाव लावून पाहा बरं."

मी तिथेच उभा राहून त्यांचा नंबर लावला. त्यांच्या हातातला फोन लगेच वाजला, खणखणीत. वाजल्याबरोबर त्यांनी उचलला आणि कानाला लावला.

"हॅलो," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, समोर गल्लीकडे तोंड करून.

"फोन चांगला आहे काका," मी माझ्या फोनमध्ये म्हणालो. आमच्यामध्ये फक्त ती कमरेएवढी भिंत होती. "काही बिघडलेला नाही."

"हां. चांगला हाये." त्यांनी फोन ठेवला नाही. "मंग आता लागलाच हाये तं बोला काई."

"काय बोलू?"

"काईबी बोला ना सर," काका म्हणाले. "मी नाई सांगत कोनाले."